आतली ऊब

फ्रिज बिघडणं ही काही भिण्यासारखी गोष्ट नाही. चारचौघांच्या घरी बिघडतात, दुरुस्त करणारा येतो, खटपट करतो, आणि फ्रिज पुन्हा बर्फ धरू लागतो. त्या घरातला फ्रिज बिघडला तेव्हाही कुणाच्या अंगावर काटा आला नव्हता. भाजी मलूल पडली, दही आंबून फसफसलं, बाटलीतलं पाणी कोमट लागू लागलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हा फ्रिज आहे की कपाट? माझे धुतलेले कपडे ठेवा आता यात, निदान वाळतील तरी."

थोरल्या सुनेला मात्र हसू आलं नाही. तिचा सगळा जीव वरच्या खणात, फ्रीझरमध्ये होता. तिथे बाळाचं दूध होतं.

बाळ तिचं नव्हतं, धाकट्या जावेचं होतं. धाकटीचं बाळंतपण सुखरूप पार पडलं, दूधही उदंड आलं, आणि मग एकाएकी तिच्या छातीत कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दवाखान्यात जायच्या आधी ती बसून बसून पंपाने दूध काढायची, लहान लहान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायची आणि फ्रीझरमध्ये एकावर एक रचायची. पिशवीचं तोंड बंद केलं की वरचा कोपरा दोनदा दुमडून अंगठ्याने दाबायचा, ही तिची खोड. "ताई, ढब्बूच्या दुधाची काळजी करू नका," ती थोरलीला म्हणाली होती, "पोटभर पुरेल एवढं ठेवून जातेय."

ऑपरेशनच्या टेबलावरून ती उठलीच नाही.

थोरलीची कूस उजवली नव्हती. वर्षानुवर्षं तिने देवाकडे एकच मागणं केलं होतं. उपास केले, आवडीच्या वस्तू सोडल्या, बोललेला एकही नेम कधी मोडला नाही. आणि देवाने तिच्या पदरात मूल टाकलं. पण असं नव्हतं मागितलं तिने. रोज सकाळी हात जोडताना आता तिच्या तोंडी एवढंच यायचं, "दिलंयस ना, मग आता नेऊ नकोस."

कारण पोर नाजूक होतं. पावडरचं दूध पोटात ठरत नव्हतं, भडभडून बाहेर यायचं. आईच्या दुधावर मात्र ते बाळसं धरत होतं. डॉक्टर म्हणाले, "आहे तोवर तेच द्या, मधूनमधून दुसऱ्या दुधाची सवय लावा."

आहे तोवर. पण ते किती आहे, हे त्या घरात कुणी विचारत नव्हतं. विचारलं की धाकटीचं नाव निघणार, आणि नाव निघालं की दीर भरल्या ताटावरून उठून जाणार. त्यामुळे जो तो मुकाट्याने एक पिशवी काढायचा, कोमट पाण्यात धरायचा, पाजायचा, आणि फ्रीझरच्या खणात दुसऱ्यांदा नजर न टाकता दार लावून घ्यायचा.

फ्रिजवाले काका दुपारी आले. बाहेर आभाळ भरून आलं होतं, स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागला. काका बोलके होते. पिशवीतून हत्यारं काढता काढता म्हणाले, "फ्रिजचं नि नवऱ्याचं एकच बघा वहिनी. घुरघुर ऐकू येतेय तोवर चिंता नाही."

"आमचे तर घुरघुर न करताच गेले," सासूबाई दारातून म्हणाल्या, आणि बाळाला खांद्यावर थोपटत आत निघून गेल्या.

काकांनी आधी दाराचं रबर पाहिलं. रबराच्या फटीत कागद धरला, दार लावलं, कागद ओढून पाहिला. घट्ट होता. मग फ्रिज भिंतीपासून पुढे ओढून मागची जाळी ब्रशने झाडली. खाली तळाशी कॉम्प्रेसर होता, त्यावर हात टेकवला आणि चटकन काढून घेतला.

"हा बंदच पडत नाही का हो कधी?"

"नाही. दिवसरात्र चालूच असतो."

"मग गॅस गेला असणार," असं म्हणून त्यांनी नळी लावून दाब पाहिला. गॅस पुरेपूर होता. पंखा फिरत होता, थर्मोस्टॅट नीट होता. काका उकिडवे बसून डोकं खाजवू लागले.

"गरम भांडी ठेवता का आत? खरं सांगा, ओरडणार नाही. आमच्या घरीही ठेवतात."

"नाही हो काका. थंड केल्याशिवाय या घरात काही आत जात नाही."

"मग हे कोडंच आहे. कसं असतं वहिनी, फ्रिज काही थंडी तयार करत नाही. आतली ऊब उपसायची आणि मागून बाहेर टाकायची, एवढंच त्याचं काम. विहिरीतून पाणी उपसावं तसं. हा बिचारा जीव तोडून उपसतोय, पण जेवढं उपसतोय तेवढं कुणीतरी आत ओततंय." त्यांनी फ्रीझरचं दार उघडलं. "हे बघा."

आतून वाफ आली. थंड धूर नव्हे, वाफ. खणाच्या भिंतींना दव सुटलं होतं, कुणी जवळून श्वास सोडावा तसं. आणि वास आला... आंबूस नाही, नासका नाही. ताज्या दुधाचा, न्हाऊन आलेल्या बाळंतिणीच्या अंगाला येतो तो वास.

"सगळं रिकामं करा," काका म्हणाले. "रिकामा चालवून बघू."

थोरलीने पिशव्या एकेक करून परातीत काढल्या. काढता काढता तिचा हात मंदावला. गेले कित्येक दिवस रोज सात-आठ वेळा घरातलं कुणी ना कुणी यातून पिशवी काढत होतं. खण आता तळाला गेलेला असायला हवा होता. तो गच्च भरलेला होता, धाकटीने रचला होता तसाच. वरच्या पिशव्या कोमट होत्या. आणि इतके दिवस बर्फाविना राहूनही एकही नासलेली नव्हती.

सासूबाई पावडरचं पाजत असतील, असं ती धरून चालली होती. तिने हाक मारली. "आई, तुम्ही ढब्बूला पावडरचं देता ना मधूनमधून?"

"मी कशाला देऊ? त्याला बाधतं ना ते. मला वाटलं तू देतेस."

थोरलीने दिराला कामावर फोन लावला. दवाखान्यातून किंवा कुणाकडून दूध आणून ठेवता का, विचारलं. मग दीर म्हणाला, "वहिनी, मी तर ते दार उघडायचंच सोडलंय." आणि फोन ठेवला.

रिकामा फ्रिज बघता बघता गार झाला. भिंतींवरचं दव गोठून पांढरं झालं, कॉम्प्रेसरने खट् आवाज करून पहिल्यांदा विश्रांती घेतली. काका खूश झाले. "बघा! ठणठणीत आहे. भरा आता, गार झालेलंच भरा." शेजारून आणलेल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून निववलेल्या पिशव्या थोरलीने परत रचल्या. काकांनी दार लावलं, फ्रिज जागेवर ढकलला, आणि ती चहा टाकेपर्यंत हत्यारं पुसत बसले.

चहा उकळत होता. स्वयंपाकघरात ती दोघंच होती. फ्रिजच्या दाराला कुणी हात लावला नव्हता.

कॉम्प्रेसर सुरू झाला. पुन्हा तशीच धाप लागल्यासारखी घरघर.

काकांनी पुसायचं थांबवलं. उठले, फ्रीझरचं दार उघडलं आणि उघडं धरून तसेच उभे राहिले. रचलेल्या पिशव्यांच्या वर आणखी एक होती. तिच्यातलं दूध अजून हलकंसं डुचमळत होतं. खालच्या पिशव्यांवर तिच्याभोवती दवाचं कडं धरलं होतं. वरचा कोपरा दोनदा दुमडलेला, आणि त्यावर अंगठा दाबल्याची खूण.

"ही... ही तुम्ही ठेवलीत?"

थोरलीने नकारार्थी मान हलवली. तिने पिशवी उचलली. पिशवी अंगासारखी उबदार होती.

काकांनी हत्यारं पिशवीत कोंबली, चहा तसाच राहिला. दारात मात्र थांबले. स्वतः लेकरांचे बाप होते. "वहिनी, यंत्रात दोष नाही. यापुढचं माझ्या हातातलं नाही... पोराला जपा."

काकांचं बोलणं ऐकून आलेल्या सासूबाई ती पिशवी बघून पाटावर बसल्या होत्या. "ओतून टाक," त्या कुजबुजल्या. "सगळं ओतून टाक गं. जिवंत पोराच्या पोटात कुठलं दूध चाललंय आपल्या हाताने?"

"पण आई, याच्यावरच तर तो वाढलाय."

"म्हणून तर म्हणते. आपलं म्हणून वाढवतेय ती त्याला. उद्या म्हणेल, माझं मला द्या."

कुणी दुसऱ्या घरातली बाई असती, तर हात जोडून तिथेच थांबली असती, आईचं आहे, असू दे म्हणाली असती. पण इतक्या वर्षांनी मांडीवर आलेलं पोर होतं. थोरलीला एकच दिसलं, की ते जाईल. तिने देवाचं नाव घेतलं आणि एकेक पिशवी फोडून मोरीत रिकामी केली. दूध बोटांवरून कोमट वाहत होतं. "माफ कर गं," ती म्हणत होती. "माझ्या पोटचा नाही, पण पोटच्यापेक्षा कमी करणार नाही. तू आता जा. शांत हो." शेवटची पिशवी ओतली, तेव्हा मोरीच्या जाळीत पांढरा फेस बराच वेळ थांबला, आणि मग गडप झाला.

त्यानंतर फ्रिज सुरेख चालला. संध्याकाळपर्यंत भांड्यात बर्फ धरला. दोघी सारख्या दार उघडून पाहत होत्या. खण रिकामाच होता, कोरडा, गार. सासूबाईंच्या तोंडावर जरा रंग आला.

बाळाने मात्र पावडरचं दूध तोंडात धरलं नाही. बाटली जिभेने ढकलायचं, चमच्याने घातलं तर ओघळून जायचं. दिवेलागणीपर्यंत रडून रडून त्याचा आवाज बसला. थोरली त्याला घेऊन आतल्या खोलीत पलंगावर बसली, भिंतीला टेकून. सासूबाई डॉक्टरांना फोन करायला बाहेरच्या खोलीत गेल्या. खिडकीत अजून थोडा राखी उजेड होता.

"पी रे राजा. एक घोट. माझ्यासाठी."

बाळाने तोंड फिरवलं. तिच्याकडून पलीकडे, पलंगाच्या रिकाम्या बाजूला. आणि रडणं थांबलं.

एकदम थांबलं. थोरलीला वाटलं, दमून झोपी गेलं. पण त्याचे डोळे उघडे होते, वर कुठेतरी लागलेले. ओठ पुढे आले होते. गाल आत-बाहेर होत होते. आणि त्या शांत खोलीत तिला स्पष्ट ऐकू आलं... घोट. मग आणखी एक घोट. भुकेलं मूल घाईघाईने गिळतं तसं.

बाटली तिच्या हातात होती.

पलंगाची गादी तिच्या शेजारी हळूहळू खाली दबत गेली. तो ओळखीचा वास आला, इतका जवळून की तिने श्वास रोखला. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. दूध होतं तोवर धाकटी फ्रिजपर्यंतच येत होती.

"धाकटे," थोरली म्हणाली, "पाज गं. पाज, पोटभर पाज. मी आड येत नाही. तो बघ कसा पितोय... पण मग ठेवून जा. रोज ये हवं तर, मी दार लावणार नाही. फक्त ठेवून जा गं त्याला." तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि तरी तिच्या मनाला आशा होती. धाकटी वाईट नव्हती. कधी कुणाचा शब्द तिने मोडला नव्हता.

घोट थांबले. बाळाने तृप्त सुस्कारा सोडला. ओठाच्या कोपऱ्यातून पांढरा थेंब ओघळला. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "गेलं का गं दूध पोटात? रडायचा थांबला वाटतं!"

कुणाच्या मांडीवरचं तान्हं मूल आपल्याकडे घ्यायचं झालं, तर बायका आधी मानेखाली हात सरकवतात, अलगद, त्याची झोप मोडू नये म्हणून. बाळाच्या मानेखाली तिचा तळवा होता. तळवा आणि मान यांच्यामध्ये आता आणखी एक हात सरकत होता. मऊ होता. अंगासारखा उबदार होता.

थोरलीने आपला हात काढला नाही.

त्या दुसऱ्या हातानेही माघार घेतली नाही.