लपलेल्या पाण्याचं कुरण

मेंजियाने हौदाच्या धारेखाली पुन्हा बादली लावली. सुट्टी लागली तेव्हा ती वीस आकडे मोजेपर्यंत भरायची. आज दोनशे झाले तरी अर्धीच!

सुरवाल गावाच्या वरच्या आळीचा हा हौद. संध्याकाळी डोंगरावरून उतरणाऱ्या सत्तर शेळ्या इथेच पाणी प्यायच्या. पाऊस कमी झालाय, असं म्हणून गावप्रमुखांनी शनिवारपासून शेळ्या दरीतल्या गावी पाठवायचं ठरवलं होतं. मेंजियाला आणि तिच्या धाकट्या भावाला, रिएटला, ते पटेना. मग डोंगरावरचा ओढा कसा खळाळतोय? त्यांची मैत्रीण आइता म्हणाली, शेळ्या राखणाऱ्या जाखेनकाकांनाच विचारू.

जाखेनकाकांनी आधी विचारलं, की नव्या रस्त्याच्या खोदकामातली दगड-माती कुठे टाकतात. पाइनच्या झाडांपलीकडच्या कुरणात, असं रिएटने सांगितलं. काका ताडकन उभे राहिले.

"त्या कुरणाला आपण काय म्हणतो?"

"आउआ त्सोप्पादा," मेंजिया म्हणाली. लपलेलं पाणी! लहानपणापासून ती हे नाव घेत आली होती, पण त्याच्या अर्थाकडे तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

चौघं तडक वर गेली. ओढ्याचा एक फाटा या कुरणात जमिनीखाली शिरायचा. आता त्याच्या तोंडावर दगडांचा ढीग होता आणि पाणी भलत्याच घळीत चाललं होतं. रस्त्याचे मुकादम श्टाउफर शहरातून आलेले. त्यांनी नकाशा उघडून दाखवला. त्यावर कुरणाचं नाव नव्हतं, नुसता आकडा होता, चारशे अठरा. इथलं पाणी हौदात जातं याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं.

"अर्ध्या तासाने हौदावर या, मग कळेल," आइता म्हणाली आणि घराकडे पळाली. तिच्या आईने सकाळीच बीट उकडलं होतं.

काकांनी पहारीने मोठे दगड हलवले, मेंजियाने हातांनी छोटे काढले. तिची नखं तुटली, तरी ती थांबली नाही. अखेर गुडगुड असा आवाज झाला आणि पाणी आत वळलं. तोवर परत आलेल्या आइताने घरून आणलेलं बिटाचं लालभडक पाणी त्यात ओतलं.

खाली हौदाशी रिएट, त्याने बोलावून आणलेले गावप्रमुख आणि श्टाउफर उभे होते. श्टाउफर सारखे घड्याळ बघत होते. तेवढ्यात धार जाड झाली, आधी गढूळ, मग गुलाबी, मग थेट लाल!

"जखमी झाला की काय हौद?" रिएटने गंभीर चेहऱ्याने विचारलं. गावप्रमुख पोट धरून हसले.

सगळा ढीग दुसऱ्याच दिवशी हलवला. शेळ्या गावातच राहिल्या. गावप्रमुखांनी मुलांची पाठ थोपटली. म्हणाले, "आमचे आजोबा नावं देऊन गेले, आम्ही ती नुसती उच्चारत राहिलो. ऐकली तुम्ही."

दगड-मातीचा ट्रक पुढच्या उतारावर आला तसा श्टाउफरनी तो हात करून थांबवला, खिशातून पेन्सिल काढली आणि मेंजियाकडे वळून म्हणाले, "या जागेचं नाव काय? सावकाश सांग, मला लिहून घ्यायचंय."