तराजूतला रणगाडा

हस्ताची सर अशी अंगावर आली, की गंगाखेडच्या बाजारातली माणसं जिथं छप्पर दिसेल तिथं शिरली. ईश्वरअप्पांच्या किराणा दुकानात शिरला तो एक उंच, सावळा तरुण. बाहीवर तेलाचे डाग, कपाळावरचं भस्म पावसानं अर्धं धुऊन गेलेलं... आणि ओठांच्या कोपऱ्यात आपल्याच फजितीचं हसू.

फुकट आडोसा घेणं त्याला बरं वाटेना. "पावशेर गूळ द्या," तो म्हणाला.

ईश्वरअप्पांची लेक शिवम्मा मागच्या कोठीतून धावतच आली होती. पदर खोचलेला, हाताला वाळू. तिनं घाईघाईनं एका पारड्यात वजन ठेवलं, दुसऱ्यात गूळ ठेवला आणि तराजू उचलला.

"गूळ शिपायासंगं मोजता व्हय तुमच्याकडं?"

तिनं पाहिलं. वजनाशेजारी खांद्याला बंदूक लावून, काळ्या मातीचा बोटभर उंचीचा शिपाई ऐटीत उभा होता!

"तो... चुकून आला."

"ऱ्हाऊ द्या की. त्याच्या वजनाचा गूळ मला जास्तीचा."

"फायद्याची लय घाई दिसायली तुमाला," ती म्हणाली. शिपाई तिनं मुठीत दडवला. पण डोळ्यांतलं हसू कुठं दडवणार?

तेवढ्यात आतून आवाज आला, "शिवम्मा! गिऱ्हाईक गोड बोललं की पूल सोडून देती का? दुश्मन नदीपाशी आलाय!"

"कोणता दुश्मन?" तरुणानं विचारलं.

"आमचे आप्पा," ती म्हणाली.

ईश्वरअप्पा निजामाच्या फौजेत घोडेस्वार होते. पहिल्या मोठ्या लढाईत पार मिसर देशात, म्हणजे इजिप्तला, जाऊन आले, ते ताठलेला गुडघा घेऊन. तिथं अंमलदार मेजावर वाळू पसरून लढाईचे पेच शिकवत. आप्पांनी तेवढी विद्या घरी आणली. कोठीत फळ्यांचं मोठं मेज, त्यावर गोदावरीची वाळू, निळ्या चिंधीची नदी, तिच्यावर पूल, एक नाला, तीन गावं आणि मातीची दोन सैन्यं. शिपायानं एका खेपेला वीतभर चालायचं, वार लागला की नाही ते कवड्या टाकून ठरवायचं, आणि दिवस मावळताना ज्याची माणसं दोन गावांत, तो जिंकला.

शिवम्माची आई गेल्यापासून आप्पा दुकानात हिशेबापुरतं बोलत. वाळूपाशी बसले की मात्र माणूस फुलायचं! चिडायचं, चिडवायचं, मिसरच्या गोष्टी सांगायचं. समोर बसायला शिवम्मा. तिच्या वयाच्या पोरींना दोन-दोन लेकरं झालेली. पार्वतीआत्यानं आणलेल्या प्रत्येक स्थळात ती काहीतरी खोट काढायची. एकाचं नाक, एकाचं गाव. खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आपण गेलो, तर आप्पांच्या समोर कोण बसणार?

त्या तरुणाचं नाव महालिंग. सेलूच्या कापसाच्या जिनात फिटर होता, आणि थोरल्या बहिणीचं सासर गंगाखेडला. पुढच्या बाजारी तो पुन्हा आला. गूळ न मागताच कोठीच्या उंबऱ्याशी उभा राहिला. आप्पांनी त्याला न्याहाळलं आणि म्हणाले, "बस. हरायची तयारी हाय ना?"

तो हरला. त्याच्या पुढच्या बाजारीही हरला. शिवम्मा चहा घेऊन आली की त्याचं लक्ष हटकून नदीवरून उडायचं.

"तुमचे शिपाई वाट चुकायलेत," ती हळूच म्हणायची.

"शिपाई न्हाई हो... शिपायांचा सरदार चुकायलाय."

आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करत. आणि शिवम्माच्या मनात पहिल्यांदाच एक खिडकी किलकिली झाली. समोर बसणारं कुणीतरी आलं होतं.

मग दिवाळीनंतरच्या बाजारी महालिंग गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. डोळे लहान पोरासारखे चमकत होते. गोणपाट सुटलं. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून केलेला रणगाडा! खुडूक कोंबडीएवढा. त्याच्यापुढं मातीचे शिपाई म्हणजे मुंग्या.

"जरा मोठा झाला," महालिंग म्हणाला. "कमान ग्रामोफोनची हाय. याच्याहून लहान गाडीत बसंना. पण आप्पा, जर्मनच्या लढाईत आता हेच चालायलेत! तुमी फौजेतले, तुमाला दाखवावं म्हटलं."

त्यानं चावी दिली. गाडी खडखडत निघाली. पूल गेला, गाव गेलं, आप्पांची सगळी रांग आडवी झाली. एका शिपायाचं मुंडकं तुटून शिवम्माच्या पायाशी आलं. ज्या डावाला दुपार लागायची, तो चहा निवायच्या आत संपला.

आप्पांनी आडव्या पडलेल्या रांगेवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "शाब्बास. कारागिरी चांगली हाय. खरंय बाबा... घोड्यांचे दिवस गेले." त्यांनी शिपाई गोळा केले, पेटीत घातले आणि मेजावर गोणपाट पांघरलं. मयतावर घालतात तसं.

ते गोणपाट पुढच्या बाजारीही निघालं नाही. आप्पा गल्ल्यावर बसून राहिले. महालिंगानं अजिजीनं म्हटलं, "गाडी मी बहिणीकडंच ठेवतो आप्पा. आपण पहिल्यासारखं खेळू." आप्पांनी मान हलवली. "लेकराला जिंकू देतात, तसं मला देणार का? गाडी जगात आली. न्हाई आली म्हणून कसं चालंल?"

बाहेर ओट्यावर शिवम्मानं त्याला गाठलं. "आमच्या घरात आप्पांचा आवाज फक्त त्या मेजावर ऐकू यायचा. तुमी तेवढाच बंद केलात."

शिवम्मानं पाठ फिरवली... आणि कोठीत जाऊन तुटक्या शिपायाचं मुंडकं ओल्या मातीनं जोडत बसली. रडत, जोडत.

त्याच आठवड्यात महादेवाच्या देवळात कीर्तन होतं. समयांचा उजेड, कापराचा वास, वीणेचा तो एकसुरी गुंजारव, ज्यात मन आपोआप जोडे बाहेर काढून बसतं. बायका एकीकडे, गडी एकीकडे. गड्यांत टाळ घेऊन महालिंग उभा होता, बहिणीकडं मुक्कामी राहिलेला. शिवम्मानं ठरवून तिकडं पाहिलं नाही. ठरवून दोनदा पाहिलं नाही.

बुवांनी उत्तररंगात कुरुक्षेत्र उभं केलं. "रथाशी रथ, हत्तीशी हत्ती, पायदळाशी पायदळ! माझ्या मायबापांनो, अठरा अक्षौहिणी जमल्या, पण पहिला बाण सुटायच्या आधी दोन्हीकडचे एकत्र बसले. कसं लढायचं ते ठरवलं. अहो, ज्याला मारायचं त्याच्यासंगं आधी बसायचं कशाला? तर त्यालाही माणूस मानायचं म्हणून! पुढं नियम मोडले, तेव्हा रडायला दोन्हीकडच्या आया होत्या..."

मृदंग थांबला. शिवम्माची नजर उठली. पलीकडं महालिंगाचे टाळ हातातच राहिले होते, आणि तो तिच्याकडंच बघत होता.

देवळाच्या पायऱ्यांवर तो अंतर ठेवून उभा राहिला. "मी विचारलं न्हाई," तो म्हणाला. "तेवढंच चुकलं, न्हाई का?"

"तेवढंच. पण तेवढं लय मोठं हाय."

"विचारलं असतं, तर न्हाई म्हणले असते आप्पा."

"मग न्हाई ऐकायचं होतं."

तो खाली मान घालून हसला. त्या हसण्यात हार होती, आणि ती हार शिवम्माला फार देखणी वाटली.

"उद्या या," ती म्हणाली. "गाडी घेऊन. पण पहिल्यांदा विचारा."

दुसऱ्या दिवशी महालिंग काखेतलं गोणपाट न सोडता गल्ल्यापुढं उभा राहिला. "आप्पा, गाडी मांडू का?"

आप्पांनी वर पाहिलं. "कशाच्या बदल्यात?"

उत्तर शिवम्मानं दिलं. तिनं मोठा तराजू आढ्याला टांगला, एका पारड्यात रणगाडा ठेवला आणि म्हणाली, "याच्या भारंभार शिपाई गाडीवाल्यानं सोडायचे."

ती एकेक शिपाई दुसऱ्या पारड्यात घालू लागली. पारडं हलेना. महालिंगाचं निम्मं सैन्य गेलं, तरी हलेना! शेवटी पारडी समेवर आली तेव्हा पेटीत त्याची पाच माणसं उरली होती.

"पाचच?" महालिंग कळवळला.

"गाडी एवढी मोठी कुणी केली?"

आप्पांच्या घशातून कसला तरी आवाज आला. ते हसत होते! लंगडत उठले, मेजावरचं गोणपाट ओढलं. "आणि माझं बी एक कलम लिहून घ्या. गाडी गाव तुडवील, पण राखणार न्हाई. गावात माणूसच बसावं लागतं. कबूल?"

"कबूल."

दुपारभर डाव चालला. आप्पांनी गाडीला हुलकावणी देऊन नाल्यात नेलं. कमान सुटली, गाडी घरघरत थांबली. महालिंगाची पाच माणसं जिवाच्या आकांतानं गावाकडं पळाली. दिवस मावळता मावळता दोन गावांत त्याचा एकेक शिपाई उभा होता, बस्स. आप्पा हरले होते.

"हरलो!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "पण लढून हरलो रे! त्या नाल्यात अजून एक खेप मिळाली असती, तर तुला सेलूपर्यंत पळवला असता."

मग बाजारामागून बाजार गेले. कधी गाडी महालिंगाची, कधी आप्पांची. हुरड्याच्या दिवसांत महालिंग ओट्यावर कोवळी कणसं चोळत बसला होता. शिवम्मा सुपात फोलपटं पाखडत होती. तो एकाएकी थांबला.

"अक्काला आप्पांकडं पाठवणार होतो. सोयरिकीचं बोलायला. मग म्हटलं... आधी तुमाला विचारावं."

सूप थांबलं. फोलपटं तिच्या केसांवर बसली. छातीत मृदंग वाजत होता, पण तोंडातून आलं ते असं — "मला न्हाई म्हणावं लागंल."

"न्हाई ऐकायला शिकलोय मी," तो म्हणाला. "पण म्हणावं लागंल का?"

"मी गेले तर आप्पांच्या समोर कोण बसंल? इतकी स्थळं मी त्यापायी मोडली. तुमी बाजारच्या बाजारी याल हो... बाकीच्या दिवसांचं काय?"

कोठीच्या दारात काठी वाजली. आप्पा उभे होते. कधीपासून, देव जाणे.

"म्हणजे नाकाडोळ्याची खोट नव्हती," ते म्हणाले. "आपल्या सैन्यातले शिपाई माझ्यासाठी काढून ठेवायलीस तू. इतकी वर्षं. ते बी मला न विचारता?"

"आप्पा, मी..."

"हा पोरगा न विचारता गाडी घेऊन आला, तर तू याच्यावर डोळे काढलेस. आणि तू काय केलंस शिवम्मा?" आवाज चढला आणि मधेच मोडला. "एका माळेचे मणी तुमी दोघं बी."

शिवम्मा उठली, आप्पांच्या पायांशी बसली. डोळे भरून आले होते, पण तिनं नजर खाली केली नाही.

"आता विचारते, आप्पा. मी जाऊ का?"

आप्पांचा हात तिच्या डोक्यावर आला, केसांतलं एक फोलपट त्यांनी उचललं, फुंकरलं.

"जा," ते म्हणाले. "मला जड जाईल. ते तुला सांगून ठेवतो, जड जाणार न्हाई असं उगीच म्हणणार न्हाई. पण बाजूच्या बन्सीधराला खेळ शिकवीन. लय मठ्ठ हाय, त्यात दिवस जातील. आणि सेलूला रेल्वे हाय, माझा एकच पाय ताठलाय." मग महालिंगाकडं वळून म्हणाले, "अक्काला पाठव. पण त्याच्या आधी आत चला दोघं. आज गाडी माझी. तुमी दोघं एकीकडं, मी एकटा."

कोठीत मेजाच्या ज्या बाजूला ती आजवर एकटीच बसली होती, तिथं शिवम्मा महालिंगाशेजारी बसली. दोघांनी एकाच वेळी एकाच शिपायाला हात घातला, आणि दोघांनीही तो मागं घेतला.

"तुमी ठेवा."

"न्हाई, तुमी सांगा कुठं..."

"अरे, ठेवा की!" आप्पा पलीकडून ओरडले. "असं लाजत बसलात तर माझी गाडी गावात पोचंल!"

शिवम्मा हसली. तिनं महालिंगाचा हात धरून शिपायावर ठेवला, आपला त्याच्यावर ठेवला, आणि त्याला डोळ्यांनीच विचारलं. त्यानं मान डोलावली. मग दोघांनी मिळून शिपाई वीतभर पुढं सरकवला.