दोनदा टक

मे महिन्याच्या भर दुपारी सोलापुरात भुतंसुद्धा बाहेर पडत नाहीत, एवढं ऊन! पण रेश्मा पडली होती. भवानी पेठेतल्या बोळातून ती चालली होती अन् एका उघड्या खिडकीतून आवाज आला — टक.

एकच. कोरडा. तिचे पाय जागीच थिजले. हा आवाज तिच्या नान्नांचा, म्हणजे वडिलांचा होता, अन् नान्नांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

शहाणी पोरगी असती तर सरळ घर गाठलं असतं. ही कसली गाठते! हिने खिडकीत डोकं घातलं. आत भुश्शाने माखलेला एक तरुण अर्धवट गिटार मांडीवर घेऊन पांढराफटक पडला होता.

"तुमी वाजवलं का आत्ता?"

"मी हातसुद्धा हलवला न्हाय हो!" तो धडपडत उठला. "तुमाला पण ऐकू आलं? मला वाटलं, मलाच येड लागलंय की काय..."

त्याचं नाव नंदीश. घराच्या पुढच्या खोलीत एकटाच गिटारी बनवायचा. महिन्यापूर्वी भंगारवाल्याकडे त्याला जुन्या हातमागाचं सागवान मिळालं होतं. त्यातून या गिटारीची पाठ झाली, अन् तेव्हापासून त्याची झोप उडाली.

"तारा अडकवायची पट्टी रोज सरस लावून चिकटवतो. सकाळी बघावं तर निघालेली! 'बस की बाई, तुला गिऱ्हाइकाला द्यायचंय' असं म्हटलं, की आतनं टक. आन् हे बघा, रंधा मारून थकलो, पण हा खड्डा जात न्हाय."

गिटारीच्या पाठीवर पेराएवढा गुळगुळीत खड्डा होता. रेश्माने त्यात बोट ठेवलं, अन् तिला रडूच फुटलं.

"आमचा माग हाय हा. मी पुण्याला नोकरीला होते... भावानं मला न विचारता विकला."

मागाच्या खडखडाटात बोललेलं कुठलं ऐकू यायला! म्हणून घरच्यांनी काही विचारलं, की नान्ना बोटाच्या पेराने लाकडावर वाजवायचे. एकदा म्हणजे नाही. दोनदा म्हणजे हो. पुण्याला जाऊ का, असं तिने विचारलं तेव्हा मात्र त्यांनी वाजवलंच नव्हतं. नुसतं हसून बघत राहिले होते. तुझं तू ठरव, असा त्याचा अर्थ.

हे ऐकून नंदीशच्या अंगावर सर्रकन काटा आला. वीज गेलेली, वर तापलेला पत्रा, तरी खोलीत गारवा पसरला होता. तो गिटारीवर वाकला.

"काका... हिला देऊ का?"

टक. टक.

रेश्माने गिटार छातीशी धरली. तार एकही नव्हती, तरी आत काहीतरी गुणगुणत होतं.

"न्या," नंदीश म्हणाला. "गिऱ्हाइकाला दुसरी करून दीन. पण हिचं काम आठ दिवसांचं हाय. तुमाला रोज यावं लागंल."

"मी कशाला?"

"मला भीती वाटती की!"

"अगंबाई! एवढा दांडगा माणूस, अन् भुताला भितो?"

"भूत काय म्हणता! सासऱ्यांना..." त्याने जीभ चावली. रेश्मा ओढणीआड हसली.

ती रोज आली. पट्टी पहिल्याच दिवशी घट्ट बसली होती, हे दोघांनाही दिसत होतं. पण बोलायचं कुणी! ती सरस ढवळायची, तो चोरून बघायचा, अन् चहा तसाच गार व्हायचा.

आठव्या दिवशी तारा चढल्या. आता ती गिटार घेऊन जाणार, मग कशाची रेश्मा अन् कशाचं काय! नंदीश रेश्मासमोरच गिटारीपुढे हात जोडून बसला.

"काका, शेवटचं विचारतो. तुमची रेश्मा मला आवडती. लई आवडती. मी... मागणी घालू का?"

काहीच वाजलं नाही. तो कान देऊन बसला. बाहेरून एक रिक्षा गेली, शेजारचा कुकर शिट्टी देऊन गप्प झाला.

"न्हाय म्हणतेत वाटतं," त्याचा चेहरा उतरला.

"न्हाय असतं तर एकदा वाजलं असतं," रेश्मा हळूच म्हणाली.

तिने गिटार उलटी केली अन् त्या खड्ड्यावर बोट ठेवलं. लाकूड कोमट होतं... आत्ताच कुणीतरी तिथून हात उचलून घेतल्यासारखं. तिने नंदीशकडे पाहिलं, अन् पेराने वाजवलं.

टक. टक.