नव्वदाव्या पानापुढची बाई

“आई, या पुस्तकात नाववाली कुठेच नाही!”

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बारकी हे म्हणाली आणि पिठात मनगटापर्यंत बुडालेले तिच्या आईचे हात जागच्या जागी थिजले... खिडकीजवळच्या खुर्चीत सासरे रोजच्यासारखे गोष्ट ऐकायला येऊन बसले होते. टेबलाशी नवरा शहरातल्या बसगाड्यांचं नवं वेळापत्रक आखत होता. म्हणजे सगळं घर हजर होतं! चोरी उघडकीला यायची, तर ती अशी भरल्या घरातच यावी, दुसरं काय?

“कॉलेजात एका जुन्या पुस्तकावर लिहून आणायला सांगितलंय,” बारकी आपल्याच नादात बोलत होती. “म्हटलं, आई आजोबांना सांगते तेच घ्यावं, अर्धी गोष्ट तर ऐकूनच पाठ आहे. दोन दिवसांत आख्खं वाचलं. नदी नाही, नाव नाही, नाववाली तर औषधालाही नाही! एका व्यापाऱ्याचं घर आहे आणि त्याची बायको सारखी आजारी.”

“दुसरं पुस्तक उचललं असशील,” मान वर न करता नवरा म्हणाला.

“नाही हो बाबा. आईची खूण यातच होती, एकशे साठाव्या पानावर.”

खूण! रुग्णालयातून आणलेली ती पांढऱ्या फितीची पट्टी... रोज संध्याकाळी, कुणाचं लक्ष नसताना, न वाचलेल्या पानांवरून ती पट्टी एखादं पान पुढे सरकवताना आपल्या काळजात काय होत असे, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

अकरा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, आणि त्याच वर्षी तिला रुग्णालयाच्या धुलाई विभागात नोकरी लागली. दिवसाला सहाशे चादरी! उकळत्या पाण्याची यंत्रं, वाफेच्या इस्त्रीचे धगधगते रूळ, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे वेगळे, तापाच्या रुग्णांचे वेगळे. आणि मधल्या लांबलचक टेबलापाशी दोन-दोन बायका समोरासमोर चादर धरून पावलं पुढे-मागे टाकत घड्या घालणाऱ्या. लोकांना वाटे, कसलं हे धुण्याचं काम! पण तिचा जीव त्या कामात होता. घरातलं काम कधी संपतच नाही. तिथे मात्र संध्याकाळी भिंतीला लागून शुभ्र चादरींची थप्पी उभी राही आणि काम संपलेलं डोळ्यांना दिसे. आता ती त्या विभागाची मुकादम होती. वीस बायका तिच्या शब्दावर चालत होत्या.

नोकरीचं पत्र आलं, तेव्हा सासरे, म्हणजे सगळ्या घराचे दादा, एवढंच म्हणाले होते, “कर की नोकरी, माझी ना नाही. पण घराला काही कमी पडता कामा नये, सूनबाई.” म्हातारा माणूस बोलला आणि विसरलाही असेल. तिने मात्र ते वाक्य गळ्यात बांधून घेतलं... काही म्हणजे काही कमी पडू द्यायचं नाही! एक टाका उसवला, की सगळे म्हणणार, सोड नोकरी.

नवऱ्याने तर उत्साहाने घराचंच वेळापत्रक आखून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलं. गाड्यांना मिनिटं वाटून देणारा माणूस तो, बायकोला कशाला कमी देईल? पाच दहाला उठणे, पाच वीसला चूल, सहा चाळीसला डबे, आणि संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात: दादांना वाचन, सोबत रात्रीचा स्वयंपाक. सगळ्यांत लांब रकाना तिचा होता. पाहुणे आले, की तो कौतुकाने सांगे, “एक वेळ माझ्या गाड्या उशिरा धावतील, पण आमच्या घरचं जेवण नाही! आणि बाहेरचं अन्न या घरात येत नाही.” पाहुण्या बायका डोळे विस्फारून विचारत, “नोकरी, घर, लेक, वरून वाचनसुद्धा! कसं हो जमवता सगळं?” ती हसे. इतकी वर्षं हसून हसून तिने तो कौतुकाचा फास स्वतःभोवती पक्का आवळून घेतला होता.

दादा चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. छपाईआधीच्या कच्च्या कागदांतल्या चुका शोधता शोधता त्यांचे डोळे गेले. तपासलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत छापखान्याकडून मिळे. तपकिरी वेष्टणं घातलेल्या त्या पुस्तकांनी बाहेरच्या खोलीची भिंत भरली होती. पण ते नेहमी म्हणत, “मी आयुष्यभर अक्षरं वाचली गं, गोष्ट एकही वाचली नाही. मुद्रितशोधक गोष्टीत रमला, की चूक सुटलीच म्हणून समज.” त्या वाक्यावर तिने विश्वास ठेवला, आणि तिथेच ती फसली.

हात पिठात असताना पुस्तक धरणार कसं? म्हणून ती दुपारच्या सुट्टीत वाची आणि संध्याकाळी कणीक मळता मळता दादांना सांगे. पुढे मुकादमी आली, दोन बायका काम सोडून गेल्या, आणि दुपारची सुट्टी कुठल्या कुठे विरघळली. सात महिन्यांपूर्वी तिने हे पुस्तक काढलं, सहा पानं वाचली... आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही. दादा मात्र वर तोंड करून, त्या विझलेल्या डोळ्यांनी वाट बघत बसलेले! ‘आज जमलं नाही’ हे तीन शब्द तिच्या ओठांवर आले आणि भीतीने परत फिरले. त्याऐवजी तोंडातून भलतंच निघालं: “मग त्या व्यापाऱ्याला पलीकडे नेणारी एक नाववाली होती...”

आणि त्या दिवसापासून ती नाववाली रोज येतच राहिली.

“म्हणजे?” नवऱ्याने पेन्सिल खाली ठेवली. “तू वाचत नव्हतीस? सात महिने दादांना... फसवत होतीस?”

तिच्या हातांवरचं पीठ सुकून कातडी ओढू लागलं होतं. आपण काय करून बसलो हे एव्हाना बारकीला कळलं असावं. तिने पुस्तक पाठीमागे लपवलं, जणू ते दिसेनासं झालं की सगळं निस्तरेल.

नवरा उठून जवळ आला. तो दुष्ट असता, तर किती सोपं झालं असतं! पण तिच्या चेहऱ्याकडे बघताच त्याचा आवाज मऊ झाला. “अगं, इतकं होत नव्हतं, तर सांगायचं नाहीस का? हवीय कशाला ही तारेवरची कसरत? सोड ती नोकरी. घरी राहा, आरामात वाच, आवडीने स्वयंपाक कर. माझ्या पगारात भागतं आपलं.”

आलं... अकरा वर्षं ज्या वाक्याला चुकवत ती पळत होती, ते अखेर आलं, आणि तेही मायेने! रागाला उत्तर देता येतं. मायेने कुणी दार लावून घेतलं, तर कुणाच्या नावाने ओरडायचं?

“नाही!” ती एवढ्या जोराने म्हणाली, की तीच दचकली. “काहीही सोडायला सांगा, झोप सोडीन, पण तेवढं सांगू नका! तिथे मी कुणीतरी आहे हो... इथे मी सगळ्यांची आहे, सगळं करते, पण कुणी नाही! तिथे दिवस संपतो. इथे माझा दिवस कधी संपलेला पाहिलात तुम्ही?”

“मग काय सोडणार? दादांचं वाचन?”

या प्रश्नाने तिचं उसनं अवसान गळालं. ती खुर्चीपाशी गेली आणि खाली जमिनीवर टेकत म्हणाली, “दादा, मी खोटं बोलले. माझं चुकलं. उद्यापासून पहाटे साडेचारला उठेन, खरंखुरं वाचेन, अक्षर न् अक्षर सांगेन. तुम्हाला काही कमी पडू देणार नाही. फक्त... नोकरी सोडायला सांगू नका.”

दादांनी नातीच्या दिशेने मान वळवली.

“बारके, ती व्यापाऱ्याची बायको मरते का गं?”

“हो, आजोबा. नव्वदाव्या पानावर.”

“नव्वदाव्याच. चुकांपायी त्या पानाचे खिळे तीन वेळा जुळवावे लागले होते. अजून डोळ्यांपुढे आहे.”



“म्हणजे दादा... तुम्हाला ठाऊक होतं?” तिने विचारलं.

“तिसऱ्या दिवसापासून.” म्हाताऱ्याने चाचपडत तिचे पिठाने भरलेले हात शोधले आणि घट्ट धरले. “गोष्ट वाचली नाही म्हणून काय मला पुस्तक ठाऊक नाही? पण तुझी गोष्ट गोड होती गं. आयुष्यात पहिल्यांदा मी चूक न शोधता ऐकत होतो. लबाड म्हातारा मी! वाटलं, बोललो तर गोष्ट थांबेल. मग ऐकता ऐकता एक दिवस लक्षात आलं, ही नाववाली कधी बसतच नाही. सात महिने झाले, एकदाही खाली बसली नाही! ऐलतीरावरून हाक, पैलतीरावरून हाक, आणि ही आपली वल्हं मारतेय. अगं, पुस्तकातली बाई नव्वदाव्या पानावर मरून तरी सुटते. तू तुझ्या नाववालीला मरायलाही सवड दिली नाहीस!”

तिने कपाळ त्यांच्या गुडघ्यावर टेकलं.

“ती बाई कोण, हे मला समजत होतं. कळूनसवरून मी रोज साडेसहाला या खुर्चीत येऊन बसत राहिलो. तुझा थकवा मी गोष्ट म्हणून ऐकला, सूनबाई! मग फसवणूक कुणी केली, सांग? तू की मी?” त्यांच्या निस्तेज डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. “घराला कमी पडता कामा नये, असं मी म्हणालो होतो. विसरलो नाही मी. तुला काय कमी पडतंय, हे मात्र अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. म्हाताऱ्याला क्षमा कर, पोरी... आणि तुझी नोकरी कुणी सोडायला लावली, तर माझ्याशी गाठ आहे!”

शेवटचं वाक्य मुलासाठी होतं, हे मुलाला कळलं. तो खाली मान घालून उभा होता. गाड्यांच्या चालकांना चार तासांनी सक्तीची विश्रांती असते, त्याशिवाय गाडी सुटत नाही, हा नियम त्यानेच कितीतरी वेळा लिहिला होता. आपल्या बायकोच्या रकान्यात तो त्याने कधी धरलाच नव्हता. अखेरीस तो पुढे झाला, बाह्या सरसावल्या आणि घंगाळाएवढ्या त्या परातीकडे बावळटासारखा बघत म्हणाला, “हे... याचं पुढे काय करायचं असतं?”

बारकीला रडता रडता हसू फुटलं. “सरका बाबा, मी दाखवते. तुम्ही भाजी बघा.”

“आणि तू इथे बस,” खुर्चीतून उठत दादा म्हणाले. “वाच. मला नको सांगू. तुझं तू वाच.”

तिने हात धुतले. खुर्चीत बसली, पण बसणंही तिला जमेना. पाठ ताठ, पावलं उठायच्या बेतात. बारकीने मांडीवर ठेवलेलं पुस्तक उघडलं... पानावर नुसती राखाडी रांग! तिला वाटलं, अश्रू आहेत. पदराने डोळे कोरडे केले, पुस्तक लांब धरलं, आणखी लांब धरलं. अक्षरं एकमेकांत मिसळलेलीच! रुग्णालयात गाठोड्यांवर ती बोटभर मोठ्या अक्षरांत लिहीत असे. बारीक छापलेलं शेवटचं बघितलं त्याला सात महिने झाले होते, तेव्हाही डोळे ताणूनच. डोळे केव्हा दगा देऊन गेले, हे समजायलासुद्धा तिला फुरसत मिळाली नव्हती... आपल्याच देहाची वार्ता तिला इतकी उशिरा पोहोचली!

नवऱ्याने ते पाहिलं. मुकाट्याने स्वतःचा चष्मा काढला आणि तिच्या नाकावर ठेवला, आणि डोळे बारीक करत पुन्हा चुलीपाशी गेला.

पहिलं वाक्य तिने वाचलं, पण कान चुलीकडे. पुन्हा वाचलं. कांदा जाड चिरला जातोय, हे आवाजावरून कळत होतं. तिसऱ्यांदा वाचलं. मग करपल्याचा वास आला. चष्म्यावाचून त्याला कढईचा तळ दिसणार तरी कसा? उठण्यासाठी तिची पावलं आपोआप जमिनीवर रोवली गेली... अकरा वर्षांचं वळण एका संध्याकाळी कसं सुटणार! खुर्चीचे हात घट्ट धरून ती तशीच बसून राहिली. चौथ्यांदा वाचताना ते वाक्य तिला कळलं, आणि त्याच्या मागून दुसरं आलं, तिसरं आलं... व्यापाऱ्याचं घर हळूहळू उघडत गेलं.

“आई, पानं मांडलीत,” बारकीने हाक मारली. “ये ना जेवायला. भाजी जरा काळी झालीय.”

त्या घरात हाक मारली की प्रत्येकाचं एक उत्तर ठरलेलं होतं. नवऱ्याचं, लेकीचं, दादांचंसुद्धा. ताटं वाढून तिने ते हजारदा ऐकलं होतं. तिच्या तोंडून ते आज पहिल्यांदा निघालं, आणि तिघेही तिच्यासाठी थांबले.

“तुम्ही बसा,” ती म्हणाली, “मी एवढं संपवून आले.”