उतारावरचं टक्कल

किल्ल्याच्या उतारावर पाय ठेवून लाइल टुटनला मिळणार काय होतं? फार तर ओरडा. पण बायको गेल्यापासून त्याच्यावर ओरडणारंही कुणी उरलं नव्हतं. सौदा फायद्याचाच.

पहिल्यांदा मात्र तो चुकून चढला. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या खाडीवरून धुकं आलेलं, पायवाट दिसेना... आणि शिट्टी वाजली.

"ओ साहेब! खाली उतरा. तोफांना पुरून उरलाय हा किल्ला, तुमच्या बुटांनी जायचा!"

"मातीचा ढिगारा तर आहे, बाई."

"ढिगारा?" रखवालदार ओडेसानं कमरेवर हात ठेवले. "यादवी युद्धात विटांचे किल्ले फुटले. हा मातीचा, म्हणून गोळे गिळून बसला. आणि ही वाळू माझ्या खापरपणजोबांनी टोपल्यांनी वाहिलीय. गुलाम होते ते, मालकानं धाडलेले. वर गवत आहे म्हणून टिकलीय ती. कळलं?"

कळलं. पुढच्या मंगळवारी तो पुन्हा तिथंच चढला – हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी.

"एकदा सांगून कळत नाही?"

"दोनदा सांगितलंत तर कदाचित..."

हिवाळाभर हे चाललं. एरवी दिवसभर तिच्या सोबतीला दलदलीतले बगळे. मंगळवारी मात्र ती केस जरा निगुतीनं बांधायची. उतारावर बुटाच्या मापाचं टक्कल पडलं. तिथं आडवी दोरी लावली असती, तर काम झालं असतं. तिनं लावली नाही.

मग वरिष्ठ तपासणीला आले. "दोरी लावा, नाहीतर तुमची बदली डोंगरात."

तिनं दोरी बांधली. गाठ काही केल्या बसत नव्हती.

मंगळवारी लाइलनं दोरीकडे पाहिलं. पिशवी खुंटाला अडकवली, टोपी किंचित उचलली... आणि वळला. फाटकाशी पोचला, तेव्हा शिट्टी वाजली.

"आता काय? पाय वाटेवरच आहेत माझे!"

"तेच चुकतंय." ओडेसानं दोरी वर उचलून धरली. "गवताचे ठोंब आणलेत. ज्यानं टक्कल पाडलं, त्यानंच लावायचे."

"आणि ते रुजलं, की माझ्यावर ओरडायचं कुणी?"

"मीच. त्याला किल्ला कशाला हवा?"

दोघं गुडघ्यांवर बसले. ओल्या वाळूत बोटाला बोट लागलं – कुणीच मागे घेतलं नाही.

दोघांनाही एकमेकांचे मंगळवार मिळाले. किंमत मोजली ती गवतानं, आणि त्याखालच्या वाळूनं. ती वाळू वाहणाऱ्यांच्या पदरात तर तेव्हाही काही पडलं नव्हतं.