बुडालेला खंदक

"आधी कॅमेरा बिघडला, मग हवालदाराचा घसा बसला, आता खंदकच बुडाला!" दिग्दर्शिकाबाईंनी टोपी चिखलात आपटली.

स्टुडिओमागच्या मैदानात खणलेला खंदक सकाळी पाण्याने तुडुंब भरला होता. रात्री कोणीतरी नळी सोडलेली. लढाईवरची ही विनोदी मालिका. आजवर लोक पोट धरून हसले, पण आज शेवटच्या प्रसंगात सगळे शिपाई मरायचे होते.

"संध्याकाळपर्यंत चित्रीकरण झालं नाही, तर चॅनलवाला स्वतःचा शेवट लावणार. धाकट्या शिपायाच्या कोटाला गोळ्यांची भोकंसुद्धा अजून पाडायचीत!"

भानगडींचा छडा लावणाऱ्या वहिनींना बाईंनीच बोलावलं होतं. त्यांनी मान हलवली. सोबत त्यांचे दीर. अंगाने दांडगे, डोक्याने निवांत.

"वहिनी, पाणी कोणीतरी मुद्दाम सोडलंय."

"भाऊजी, तुम्ही होतात म्हणून कळलं हो."

चॅनलवाला बूट पुसत उभा होता. आयत्या बिळावरचा नागोबा!

"माझा शेवट तयार आहे. सगळे नाचत घरी जातात. शिपायांची नावंही मला पाठ नाहीत, मी कशाला पाणी सोडू?"

जाडा हवालदार वर्दी पिळत कुरकुरला, "मेलो तर पुढचं काम गेलं, हे खरं. पण माझ्या मापाची ही एकच वर्दी. भिजून धोंडा झालीय!"

कपडे सांभाळणाऱ्या मावशी वैतागल्या होत्या. "वर्दी धुवायची नाही, वाळवायची नाही. रात्री खंदकातच टांगते. ओल धरली की खरी दिसते."

त्यांच्या खुर्चीवर धाकट्या शिपायाचा कोट होता. कोरडा. वहिनींनी बाही चाचपली. बाकीचे कोट दगडाने घासून जुने केलेले. याचा एकच कोपर झिजलेला, वर बारीक रफू.

वहिनींनी सगळ्यांना बोलावलं.

"पाणी सोडणाऱ्याने आधी एकच कोट बाहेर काढला. हवालदाराने स्वतःचा काढला असता. चॅनलवाल्याला कोणाचा कोट कुठला, तेही ठाऊक नाही. आणि हा कोट खरोखर कोणीतरी अंगावर झिजवलाय. मावशी, कोणाचा?"

मावशींनी कोट छातीशी धरला. "फौजेतल्या माझ्या धाकट्या भावाचा. तो सुट्टीवर आला तेव्हा हा कोट मागे राहिला. तो नट पोरगा हा घालून हसवतो, तेव्हा वाटतं, घरात भाऊच बोलतोय. त्याला पुन्हा मारायचं?"

भाऊजींनी नाक ओढलं. दिग्दर्शिकाबाईंना रागवायचं होतं, जमेना.

"बघा!" चॅनलवाला खुलला. "मावशींनाही माझाच शेवट हवाय. सगळे नाचत घरी!"

"नाचत?" मावशी गर्रकन वळल्या. "आमच्या दारात त्याची पेटी आली होती. आईला उघडूसुद्धा दिली नाही. आणि तू नाचवतोस?"



मावशींनी पदर खोचला आणि भाऊजींच्या हातात बादली कोंबली.

"रडताय काय, दांडगोबा? उपसा! संध्याकाळ व्हायच्या आत तळ दिसला पाहिजे."