आधी तिनं बघायचं

फ्रीगंजातल्या ठेल्यावर पोहे खात अनय फोनवर कुरकुरत होता. "आई, तुमच्या मराठी मंडळाचं ते लग्नाचं ॲप एकदम बेकार आहे. माहिती भरली, फोटो टाकला, पण मुली दिसतच नाहीत! बनवलंय कोणी?"

"मी."

शेजारी उभी राहून जयू पोह्यांवर शेव घालून घेत होती. डोळे मात्र त्याच्याकडे.

"तुम्ही… प्रोग्रामर?"

"छे! गाणं शिकवते. एआयला मराठीत सांगत गेले, ते लिहीत गेलं. आणि त्यात आधी मुलींनी बघायचं. कुणी पसंत केलं, तरच ती तुम्हाला दिसणार. तोवर वाट बघा… आम्ही नाही का बघितली इतकी वर्षं?"

अनय इथलाच, नोकरीला इंदूरला, सॉफ्टवेअर इंजिनिअर. पगार चांगला, उत्तरं मात्र उशिरा सुचायची.

मंडळाचे अध्यक्ष श्रीधरकाका भडकले होतेच. "हा उलटा कारभार रविवारी बंद! अनय, तू तपास. खराबी सापडली की बैठकीत सांग."

खराबी सापडली. थोडी खटपट केली की कुणालाही मुलींचे फोन नंबर दिसत होते. रविवारपर्यंत गप्प बसला असता तर काका खूश झाले असते. तो शनिवारीच जयूच्या नानाखेड्यातल्या गाण्याच्या क्लासवर पोचला आणि सगळं सांगून टाकलं.

जयूचा चेहरा उतरला.

"मी करून देऊ दुरुस्त?"

"नको. काय बिघडलंय ते समजावा. करून मीच घेईन."

आणि तिनं ते एआयकडून करून घेतलं. त्यानं पुन्हा नंबर काढायला जंग जंग पछाडलं… आणि हरला. हरून इतकं खूश झालेलं माणूस विरळाच.

रविवारी काकांनी विचारलं, "काय रे, सापडली खराबी?"

"सापडली होती. हिनं काढली."

"आणि ते उलटं?"

"ती खराबी नाही, काका. तिला तसंच हवंय."

जयू उठली. "हे मी बदलणार नाही. हवं तर दुसरं बनवून घ्या."

"कशाला दुसरं?" मागच्या रांगेतून कल्पनाकाकू, म्हणजे काकांच्याच सौभाग्यवती, ठणकावून म्हणाल्या. "राहू दे आहे तसं!" मागची सगळी रांग माना डोलवू लागली. काकांनी गपचूप पुढचा विषय घेतला.

बाहेर जिन्यावर अनय पुटपुटला, "मी अजून वाटच बघतोय…"

जयूनं फोन काढला, बोट टेकवलं. त्याच्या खिशात फोन थरथरला. पडद्यावर एकच मुलगी — जयू.

"तुमचंही नाव यात?"

"बनवणारीनं आधी स्वतःवर तपासायला नको?"

"मग… बघायला कधी येऊ?"

"तुम्ही कशाला? मी येणार. पोहे तुम्ही करायचे."

"मला येत नाहीत!"

"एआयला विचारा," ती जिना उतरता उतरता म्हणाली, "मराठीत."